एमईएफचा (उंदराच्या भ्रूणातल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीच्या पेशींचा) नवा साठा: फीडर, एटीजी५ तुलना आणि ३टी३ लाइन (प्रकल्प नोंदी)

४ जून

सकाळी दोन उंदीर माद्यांना प्लग (समागमानंतर योनीत घट्ट होणारा गोळा) दिसला. एक मादी एटीजी५ (ऑटोफॅजीला, म्हणजे पेशीने स्वतःचेच घटक पचवण्याला, लागणारे जनुक) हेटरोझायगस (एक प्रत सामान्य, एक निकामी) जोडीतली, दुसरी सीएफ-१ जातीची. आजची दुपार ई०.५ (भ्रूणाचे वय अर्धा दिवस) धरली की ई१३.५ येतो १७ जूनला. प्लग काही तासांत गळतो, त्यामुळे दुपारी पाहून "नव्हता" असे लिहिण्याला अर्थ नाही. प्लग दिसला म्हणजे गर्भ राहिलाच असेही नाही. दहाव्या दिवसाच्या सुमारास वजन करून खात्री झाली की मगच १७ तारखेसाठी हूड (निर्जंतुक हवेचा कामाचा कक्ष) राखून ठेवावे.

एटीजी५ नॉकआउट (जनुकाच्या दोन्ही प्रती काढलेली) पिल्ले जन्मानंतर एका दिवसात मरतात. १३.५ दिवसांच्या भ्रूणापर्यंत मात्र वाढ व्यवस्थित होते आणि त्यातून भरपूर पेशी मिळतात. जनुक काढल्यावर उंदीर जगत नाही, पण त्याच्या पेशी तरी अभ्यासता येतात, हा एमईएफचा मोठा फायदा. शिवाय नियंत्रणासाठी सख्खी भावंडे त्याच लिटरमध्ये (एका मादीच्या एका वेळच्या पिल्लांत) असतात. दुसऱ्या लिटरच्या सामान्य पेशी नियंत्रण म्हणून वापरल्या की फरक जनुकाचा की लिटरचा हे सांगता येत नाही.

सीएफ-१ लिटर फक्त फीडरसाठी, म्हणजे ज्या थरावर ईएस पेशी (भ्रूणाच्या मूलपेशी) वाढवतात त्या पेशींसाठी. दोन्ही साठे पहिल्यापासून वेगळ्या रॅकमध्ये.

१६ जून

मीडिया तयार केला, ५०० मिलि: जास्त ग्लुकोजचा डीएमईएम हा पोषक द्रव (लिटरला ४.५ ग्रॅम), १० टक्के एफबीएस (गायीच्या भ्रूणाचे सीरम), २ मिलिमोलर ग्लुटामिन, नॉन-इसेन्शियल अमिनो आम्ले, पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. ही प्रतिजैविके पहिल्या पॅसेजपर्यंतच (पॅसेज म्हणजे पेशी सोडवून नव्या डिशमध्ये लावणे). भ्रूण काढताना कातडी-केसांचे जंतू येण्याचा धोका असतो म्हणून ती हवीत. पुढे चालू ठेवली तर हलका संसर्ग मरत नाही, नुसता दबून राहतो.

बीटा-मरकॅप्टोइथेनॉल फीडरच्या मीडियात चालेल. कमी आणि साध्या ऑक्सिजनची तुलना पुढे ज्या पेशींवर करायची आहे त्यांच्या मीडियात नको, कारण ते स्वतःच ऑक्सिडेशन रोखते आणि जो फरक मोजायचा तोच पुसट होतो.

०.१ टक्का जिलेटिन ऑटोक्लेव्ह करून ठेवले. ताज्या एमईएफ साध्या टिश्यू कल्चर प्लास्टिकवर बिनतक्रार चिकटतात. जिलेटिन खरे लागते ते फीडरला.

१७ जून

मान्य पद्धतीने मादीचा शेवट केल्यावर पोटावर ७० टक्के अल्कोहोल भरपूर ओतले. नुसते शिंपडून केस बसत नाहीत आणि ते थेट डिशमध्ये येतात. गर्भाशयाची पूर्ण माळ काढून कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या थंड पीबीएसमध्ये (खारट बफर द्रवात) टाकली. पुढचे सगळे काम हूडमध्ये, बर्फावर ठेवलेल्या डिशमध्ये.

प्रत्येक भ्रूण पिशवीतून मोकळा करून दोन वेळा पीबीएसने धुतला. आईच्या ऊतीचा तुकडा चिकटून राहिला तर जीनोटाइपिंगमध्ये (डीएनएतून जनुकाच्या प्रती ओळखण्यात) आईचा सामान्य अ‍ॅलील दिसतो आणि नॉकआउट भ्रूण हेटरोझायगस म्हणून नोंदला जातो. शेपटीचे टोक जीनोटाइपिंगसाठी वेगळ्या ट्यूबमध्ये. डोके कापून टाकले, पोटातले लाल अवयव, म्हणजे यकृत आणि हृदय, चिमट्याने काढले. यकृतात या वयात रक्तपेशी तयार होत असतात आणि डोक्यातून चेतापेशींचे पूर्वज येतात. यकृत नीट निघाले की उरलेला धड जवळजवळ पांढरा दिसतो. लाली दिसली तर पुन्हा धुवावे.

प्रत्येक भ्रूणाला नवे ब्लेड, नवी डिश. अल्कोहोलने पुसलेला चिमटा निर्जंतुक होतो, पण त्यावरचा डीएनए जात नाही. एटीजी५ लिटरमध्ये हे कटाक्षाने पाळले. सीएफ-१चे सगळे भ्रूण एकत्र केले तरी बिघडत नाही.

धड ब्लेडने बारीक केले, तुकडे साधारण १ मिमी किंवा त्याहून लहान. त्यावर ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए (पेशी सुट्या करणारे एन्झाइमचे द्रव) १ मिलि, ३७ अंशांवर १० मिनिटे. मग १ मिलि पिपेटने वर-खाली, पुन्हा ५ मिनिटे. एवढे पुरे. २० मिनिटांच्या पुढे गेल्यावर पेशी फुटतात, डीएनए बाहेर येतो आणि सगळे मिश्रण शेंबडासारखे होऊन पिपेटच्या टोकाला लोंबते. चांगल्या पेशीही त्या गोळ्यात अडकून जातात. असे झाले तर आधी १० मिलि मीडिया घालून ट्रिप्सिन थांबवावे आणि नंतर डीएनएज-१ (डीएनए तोडणारे एन्झाइम) घालावे. हा क्रम उलटा केला तर उपयोग होत नाही: डीएनएजला मॅग्नेशियम लागते आणि ट्रिप्सिनमधले ईडीटीए ते धरून बसते.

मीडिया घालून १ मिनिट उभी ट्यूब, मोठे तुकडे तळाशी बसल्यावर वरचे द्रव एका १० सेमी डिशमध्ये. एक भ्रूण, एक डिश. गाळणी वापरली नाही. छोट्या गुठळ्या डिशवर चिकटून त्यांच्या कडेने पेशी बाहेर येतात, गाळल्यावर तो वाटा वाया जातो.

एटीजी५ लिटर: ९ भ्रूण. डिशवर क्रमांक १ ते ९, जीनोटाइप लिहिलेला नाही, कारण अजून माहीत नाही.

१८ जून

सकाळी मीडिया बदलला. तरंगणाऱ्या लाल पेशी आणि कचरा निघून गेला. खाली लांबट, टोकदार पेशी पसरलेल्या. डिश ५ मध्ये धडधडणारा एक ठिपका: हृदयाचा तुकडा राहिला. पॅसेजनंतर फायब्रोब्लास्ट इतक्या वाढतात की हृदयपेशी मागे पडतात, त्यामुळे डिश टाकलेली नाही, नोंद मात्र ठेवली.

पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून केलेली तपासणी): नॉकआउट २ आणि ७, सामान्य १, ४ आणि ८, उरलेले चार हेटरोझायगस. एसआरवाय (वाय गुणसूत्रावरचे, नर ओळखायचे जनुक) पीसीआरही त्याच डीएनएवर करून घेतला. भ्रूणाचे लिंग बाहेरून दिसत नाही आणि नंतर एक्स गुणसूत्रावरचे जनुक यादीत वर आले की हीच माहिती शोधावी लागते.

२० जून

डिश भरल्या. ट्रिप्सिन, मोजणी, गोठवणे. एका भ्रूणातून ५० लाख ते १ कोटी पेशी अपेक्षित, तेवढ्याच निघाल्या. बहुतांश इथेच गोठवल्या. पुढे वाढवून मग गोठवणे हा तोट्याचा व्यवहार आहे, कारण या पेशींचे आयुष्य मोजके आणि प्रत्येक दुप्पट होण्याचा खर्च त्यातूनच होतो.

गोठवण मिश्रण: ९० टक्के एफबीएस, १० टक्के डीएमएसओ (पेशींना बर्फाच्या इजेपासून वाचवणारे द्रावक), थंड. व्हायलमध्ये १ मिलि, २० लाख पेशी. मिनिटाला १ अंश उतरणाऱ्या डब्यात उणे ८० वर रात्रभर, दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. उणे ८० वर आठवडे पडून राहिलेल्या व्हायलमधून पेशी निघतात, पण चिकटणाऱ्या कमी.

मोजण्याची पद्धत ठरवून घेतली: भ्रूणातून प्रथम डिशवर आल्या तो पॅसेज ०, पहिल्या ट्रिप्सिननंतर पॅसेज १. काही ठिकाणी पहिल्याच डिशला १ म्हणतात. बाहेरून आलेल्या व्हायलवरचा आकडा म्हणून तसाच उतरवू नये. लेबलवर भ्रूण क्रमांक, जीनोटाइप, लिंग, पॅसेज, तारीख.

२४ जून

मायकोप्लाझ्मा (पेशींच्या डिशमध्ये शिरणारे सूक्ष्म जिवाणू) पीसीआर, प्रतिजैविके न घालता वाढवलेल्या मीडियावर: सर्व डिश निगेटिव्ह. पेनिसिलिनचा याला उपयोग नाही, मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. मीडिया गढूळही होत नाही. फीडरमध्ये हा संसर्ग आला की त्यावर वाढणारी प्रत्येक ईएस लाइन बाधित होते, म्हणून फीडरची प्रत्येक नवी खेप तपासूनच बाहेर काढायची.

सीएफ-१ व्हायल वितळवली. ३७ अंशांच्या पाण्यात बर्फाचा लहान खडा उरेपर्यंत, लगेच १० मिलि मीडियात, सेंट्रिफ्यूजमध्ये २५० जी वर ५ मिनिटे.

३ जुलै

फीडर खेप. सीएफ-१, पॅसेज ३, १५ सेमी डिश, जेमतेम भरलेल्या.

मायटोमायसिन सी: २ मिलिग्रॅमची कुपी ४ मिलि पीबीएसमध्ये, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलि. १२ मिलि मीडियाला २४० मायक्रोलिटर घातले की १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होते. कुपी प्रकाशाकडे धरून पाहावी. जांभळे कण दिसले तर विरघळलेले नाही, आणि मग डिशगणिक वेगळा डोस पडतो. ३७ अंशांवर २.५ तास, दिवा बंद. दोन हातमोजे. उरलेला मीडिया आणि पहिली धुणी पेशीघातक कचऱ्याच्या बाटलीत, सिंकमध्ये नाही.

हे औषध डीएनएच्या दोन पट्ट्या एकमेकींना जोडून टाकते. पेशी जगते, प्रथिने स्रवते, विभागत मात्र नाही. फीडरकडून हवे ते एवढेच. दोन चुका नेहमीच्या. डिश ठासून भरेपर्यंत थांबले की एकावर एक बसलेल्या पेशींपर्यंत औषध सारखे पोहोचत नाही, आणि आठवड्याने फीडरमध्ये वाढणाऱ्या फायब्रोब्लास्टचे बेट दिसते. दुसरी, कमी धुणे. पीबीएसने तीनदा, दर वेळी पूर्ण शोषून. मायटोमायसिनचा अंश राहिला तर फीडर ठणठणीत दिसतात आणि वर टाकलेल्या ईएस पेशी दोन दिवसांत मरतात. मग दोष ईएस मीडियाला किंवा एलआयएफच्या (ईएस पेशींना मूळ अवस्थेत ठेवणाऱ्या प्रथिनाच्या) खेपेला दिला जातो.

३० ग्रे गॅमा किरण दिले तरी तेच काम होते, आणि ट्यूबमध्ये पूर्ण खेप एकदम होते, धुण्याची कटकटही नाही. किरणस्रोत हाताशी असेल तर तीच पद्धत बरी.

घनता: जिलेटिन लावलेल्या ६-वेल प्लेटच्या एका वेलमध्ये ३.५ लाख, १० सेमी डिशमध्ये २० लाख. यापेक्षा विरळ ठेवले तर वसाहतींच्या कडा पसरून ईएस पेशी विभेदित होऊ (दुसऱ्या प्रकारच्या पेशींत बदलू) लागतात. फार दाट ठेवले तर काही दिवसांत पूर्ण थर चादरीसारखा सुटून गुंडाळतो. उरलेल्या गोठवल्या. वितळल्यावर काही मरतात, म्हणून व्हायलमध्ये हिशेबापेक्षा पाव भाग जास्त.

तपासणी वेल: एकात पेशी लावून उद्या मोजायच्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा. आकडा वाढला तर खेप रद्द.

४ जुलै

ईएस पेशी फीडरवर. लावण्याआधी एमईएफ मीडिया काढून ईएस मीडिया: १५ टक्के एफबीएस, एलआयएफ १००० युनिट प्रति मिलि. लावलेला फीडर ७ ते १० दिवस चालतो.

१९८१ मध्ये उंदराच्या ईएस पेशी प्रथम वेगळ्या झाल्या त्या फीडरवरच. फीडर देत असलेल्या घटकांपैकी एक एलआयएफ, हे १९८८ मध्ये स्पष्ट झाले. आता बाटलीतला एलआयएफ मिळतो आणि दोन इनहिबिटरच्या २आय मीडियात फीडरशिवायही काम चालते. तरीही जनुकबदल केलेल्या क्लोनसाठी, विशेषतः त्यांतून पुढे उंदीर तयार करायचा असेल तर, फीडर सोडू नये असे आमचे मत. मानवी ईएस पेशींची १९९८ची पहिली संस्कृतीही एमईएफवरच झाली, मात्र मानवी पेशींना एलआयएफ पुरत नाही. शिवाय उंदराच्या फीडर आणि प्राणिज घटकांमुळे मानवी पेशींच्या पृष्ठभागावर एनईयू५जीसी हे परके सायलिक आम्ल बसते. उपचारासाठी जायच्या पेशींमध्ये ते नको असते.

औषध लावून क्लोन निवडायचे असतील तर सीएफ-१ फीडर चालणार नाहीत, जी४१८ ने तेच आधी मरतील. त्यासाठी डीआर४ उंदरांचे फीडर: जी४१८, प्युरोमायसिन, हायग्रोमायसिन आणि ६-थायोग्वानिन या चारही औषधांना दाद न देणारे.

ईएस पेशींचा आरएनए किंवा डीएनए काढण्याआधी फीडर वेगळे करणे आवश्यक. सगळे ट्रिप्सिनने सोडवून जिलेटिनच्या डिशवर ३० ते ४० मिनिटे ठेवावे. फायब्रोब्लास्ट आधी चिकटतात, ईएस बहुतांश वरच्या द्रवात राहतात. एकदा करून काही फीडर येतातच, दोनदा करावे.

९ जुलै

एटीजी५ तुलना. भ्रूण २ आणि ७ (नॉकआउट), १, ४ आणि ८ (सामान्य), सर्व पॅसेज २. काल संध्याकाळी ६-वेलमध्ये २ लाख प्रति वेल. सकाळी ७० ते ८० टक्के भरलेल्या. १०० टक्के भरलेल्या डिशवर उपासमारीचा प्रयोग करू नये, त्या आधीच अर्धपोटी असतात.

चार स्थिती: पूर्ण मीडिया, पूर्ण मीडिया व बॅफिलोमायसिन ए१ (लायसोसोम या पेशीतल्या पचनपिशवीचे काम अडवणारे औषध), ईबीएसएस (उपासमारीसाठी सीरम व अमिनो आम्ले नसलेले क्षारद्रव), ईबीएसएस व बॅफिलोमायसिन. बॅफिलोमायसिन १०० नॅनोमोलर, २ तास. साठा १०० मायक्रोमोलर डीएमएसओमध्ये, म्हणून हजारात एक भाग. औषध नसलेल्या वेलमध्येही तेवढेच डीएमएसओ. उपासमारीच्या वेल आधी पीबीएसने दोनदा धुतल्या, सीरमचा अंश उरला तरी ऑटोफॅजी दबते. ईबीएसएस आदल्या तासाभरापासून इनक्युबेटरमध्ये सैल झाकणाने ठेवले होते. त्याचा पीएच बायकार्बोनेटवर टिकतो, बाटलीतून थेट ओतले की गुलाबी-जांभळे होते आणि पेशींवर उपासमारीऐवजी अल्कलीचा ताण येतो.

मग ब्लॉट (प्रथिने जेलमध्ये वेगळी करून पडद्यावर अँटिबॉडीने ओळखणे): १५ टक्के जेल, ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा पीव्हीडीएफ पडदा. ०.४५चा वापरला तर इतके लहान प्रथिन आरपार जाते. एलसी३ या प्रथिनावरून ऑटोफॅजी मोजतात: एलसी३-१ साधारण १६ किलोडाल्टनवर, एलसी३-२ त्याखाली १४ च्या आसपास. लिपिड जोडल्याने वजन वाढलेले असूनही तो जेलमध्ये पुढे पळतो.

सामान्य पेशींत नुसत्या ईबीएसएसने एलसी३-२ किंचित कमी दिसला, बॅफिलोमायसिनबरोबर ठळक वाढला. याचा अर्थ ऑटोफॅजी कमी झाली असा नाही. लायसोसोम एलसी३-२ लाच पचवत होता, बॅफिलोमायसिनने पचन अडवल्यावर साठलेले दिसले. वाचायचा आकडा म्हणजे औषधासह आणि औषधाविना यांतला फरक. भागायचे ते सगळीकडे सारख्या प्रमाणात असणाऱ्या अ‍ॅक्टिनने. एलसी३-१ ने भागू नये, तो अस्थिर असतो आणि अँटिबॉडीही त्याला कमी ओळखतात.

नॉकआउटमध्ये एलसी३-२ चारही स्थितींत नाही, पी६२ (ऑटोफॅजीत पचणारे प्रथिन) साठलेले. एटीजी५चा पट्टाही पाहिला: पेशीत तो बहुतेक एटीजी१२शी (ऑटोफॅजीच्याच दुसऱ्या प्रथिनाशी) जोडलेला असतो, म्हणून ५५ किलोडाल्टनच्या आसपास शोधावा. सुट्या वजनावर, म्हणजे ३२ वर, शोधत बसणाऱ्याला सामान्य पेशीही नॉकआउट वाटतील.

संख्येबद्दल: भ्रूण ४ च्या तीन वेल म्हणजे तीन नमुने नव्हेत. एक भ्रूण, एक नमुना. सध्या नॉकआउटचे दोनच आहेत, म्हणून आलेख काढलेला नाही. पुढचा लिटर येईपर्यंत थांबायचे.

१६ जुलै

रीप्रोग्रॅमिंग, म्हणजे साध्या पेशींना मूलपेशींसारखे बनवणे. २००६ मध्ये ताकाहाशी आणि यामानाका यांनी २४ जनुकांतून चार निवडली, ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक, ती एमईएफवरच. तीच रेट्रोव्हायरस पद्धत, भ्रूण ८, पॅसेज २.

१३ ला प्लॅट-ई (विषाणू तयार करणाऱ्या) पेशी १० सेमी डिशमध्ये ३६ लाख, १४ ला चार डिशमध्ये चार प्लास्मिड (जनुक वाहणारी डीएनएची कडी) वेगवेगळे, पाचव्यात जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन). काल एमईएफ ८ लाख प्रति डिश. आज विषाणूचे द्रव ०.४५ मायक्रोमीटर सेल्युलोज अ‍ॅसिटेट गाळणीतून, चारही समप्रमाणात मिसळून, पॉलिब्रीन (विषाणूला पेशीवर चिकटायला मदत करणारे) ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलि. गोठवून ठेवलेले द्रव नको, वितळवल्यावर ताकद घटते.

हा रेट्रोव्हायरस विभागणाऱ्या पेशींतच केंद्रकापर्यंत पोहोचतो. म्हणून जुन्या पॅसेजच्या, पसरट झालेल्या एमईएफ इथे निरुपयोगी. प्लास्मिड कितीही शुद्ध असो, वसाहती येत नाहीत. जीएफपी डिश हा त्याचा साधा निकष: दोन दिवसांनी निम्म्याहून कमी पेशी हिरव्या असतील तर पुढचे तीन आठवडे वाया घालवू नयेत. पहिल्या आठवड्यात सी-मिकमुळे ओबडधोबड, झपाट्याने वाढणाऱ्या वसाहती येतील. त्या उचलायच्या नाहीत. गुळगुळीत कडांच्या, उंच, चकाकणाऱ्या वसाहतींची वाट पाहायची आणि नॅनॉगने (मूलपेशींची खूण असलेल्या प्रथिनाने) खात्री करायची.

२२ जुलै

ऑक्सिजन तुलना आणि ३टी३ (ठरावीक अंतराने पेशी लावत जाऊन अमर लाइन मिळवण्याची रीत) एकत्र सुरू. भ्रूण १ आणि २, एक संच ३ टक्के ऑक्सिजनमध्ये, एक साध्या इनक्युबेटरमध्ये.

उंदराच्या पेशींचे टेलोमिअर (गुणसूत्रांची टोके) लांब असतात, मानवी पेशींसारखे ते झिजून एमईएफ थांबत नाहीत. हवेतला ऑक्सिजनच त्यांना सोसत नाही. २००३ मध्ये कॅम्पिसी यांच्या गटाने दाखवले की ३ टक्क्यांत त्या वाढत राहतात आणि साध्या इनक्युबेटरमध्ये थोड्याच पॅसेजमध्ये थांबतात. दार वारंवार उघडले तर ३ टक्के हा आकडा फक्त डिस्प्लेवर राहतो.

३टी३ची रीत १९६३ची, टोडारो आणि ग्रीन यांची: दर तीन दिवसांनी, तीन लाख पेशी, ६० मिमीची डिश. तीन लाखांपेक्षा कमी निघाल्या तर दोन डिश एकत्र कराव्यात. दर वेळी मोजून दुपटीचा हिशेब लिहावा: निघालेल्या भागिले लावलेल्या, त्याचा २ पायाचा लॉग.

१४ ऑगस्ट

साध्या ऑक्सिजनमधला संच थांबला आहे. पेशी तळलेल्या अंड्यागत पसरट, तीन दिवसांत तीन लाखांचे जेमतेम तीन लाख. ३ टक्क्यांतला संच चालू.

सेनेसन्स बीटा-गॅल (विभागणी कायम थांबलेल्या पेशींना निळे करणारी चाचणी): २ टक्के फॉर्मल्डिहाइड व ०.२ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये ४ मिनिटे, मग पीएच ६.० च्या बफरमध्ये एक्स-गॅल १ मिलिग्रॅम प्रति मिलि, पोटॅशियम फेरोसायनाइड आणि फेरीसायनाइड प्रत्येकी ५ मिलिमोलर, ३७ अंशांवर रात्रभर. कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवू नये. पीएच उतरला की नेहमीचा लायसोसोमचा एन्झाइम चालू होतो आणि तरुण पेशीही निळ्या होतात. ठासून भरलेली डिशही खोटा निळा देते.

२४ सप्टेंबर

साध्या ऑक्सिजनच्या दोन्ही संचांत मधूनच लहान, वेगाने वाढणाऱ्या पेशी आल्या आणि डिश ताब्यात घेतली. आता पॅसेज २१. या अमर लाइन, एमईएफ नव्हेत. थांबण्यातून सुटणाऱ्या पेशींनी बहुधा विभागणी रोखणाऱ्या जनुकांपैकी पी५३ तरी बिघडवलेला असतो किंवा पी१९एआरएफ गमावलेला असतो, आणि गुणसूत्रेही अनेकदा चौपट झालेली. दोन भ्रूणांच्या लाइन वेगवेगळ्या वाटेने सुटल्या असतील तर त्यांची तुलना एटीजी५ची राहत नाही.

नटलिन-३ (पी५३ ला चालना देणारे औषध), १० मायक्रोमोलर, २४ तास, मग पी२१ (पी५३ मुळे वाढणारे प्रथिन) ब्लॉट. भ्रूण १ च्या लाइनमध्ये पी२१ वाढला, म्हणजे पी५३ शाबूत आणि खोट बहुधा एआरएफकडे. भ्रूण २ च्या लाइनमध्ये हालचाल नाही. ही जोडी जीनोटाइप तुलनेसाठी बाद. प्लास्मिड तपासणी आणि मायक्रोस्कोपीच्या सरावासाठी दोन्ही ठेवल्या, लाल झाकणाच्या व्हायलमध्ये, लेबलवर "३टी३ लाइन, पॅसेज २१" असे पूर्ण लिहून. एटीजी५चे पुढचे ब्लॉट पॅसेज १ च्या व्हायलमधूनच, ३ टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवून, पॅसेज ३ पर्यंत संपवायचे.